विहीणबाईंनी लाइफ पाठवली नाही

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व),
गुरुवार, दुपार (चहाच्या आधी)

तीर्थस्वरूप श्रीरंगदादा आणि सौ. वहिनी यांना विनयाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा गुडघा सध्या रजेवर आहे आणि मे महिन्यात त्याचं ऑपरेशन ठरलं आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) दादा, तुझं ब्लडप्रेशर आता काय म्हणतं? वहिनींच्या खोकल्याला ज्येष्ठमधाचा गुण आला का? देवरुखला यंदा काजू बरा धरला आहे असं ऐकलं, बरं वाटलं. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात मी अजिबात खुशाल नाही. माझा एवढा अपमान झाला आहे की काल आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली यावरून माझा चेहरा कसा असेल याची कल्पना कर. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझा आवाज चढला की हे आतल्या खोलीतून येऊन दारं लावत सुटतात.

मुळात या सगळ्याला तू जबाबदार आहेस. गेमचा नाद मला तू लावलास. तुझ्या त्या बटणांच्या फोनवर साप असायचा, दाणे खाऊन लांब होत जाणारा आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीवर आपटून मरणारा. माझा साप तुझ्यापेक्षा लांब झाला तेव्हा तू बॅटरी संपल्याचं कारण सांगून फोन काढून घेतला होतास. मी विसरलेले नाही. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले आणि माउसवर हात बसावा म्हणून साहेबांनीच आम्हाला पत्त्यांचा सॉलिटेअर लावून दिला. माझा हात त्याच्यावर जो बसला तो निवृत्त होईपर्यंत उठला नाही. नंतर मोबाईलवरचा लुडो आला. तो चांगला आहे, पण त्यात सोंगटी चोरून पुढे सरकवता येत नाही, त्यामुळे ह्यांचा त्यातला रस दोन दिवसांत संपला. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे ‘फळबाग’. एका रांगेत तीन सारखी फळं आणायची, ती नाहीशी होतात, वरून नवी पडतात, बस. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने माझी दुपार, माझा गुडघा आणि भाजीवाल्याशी होणारी भांडणं यांच्यावर जी शांत फुंकर घातली आहे, ती कुठल्या औषधाने घातलेली नाही.

आमच्या चिरंजीवांना याचं काय? संकेत म्हणतो, आई, तू कॅज्युअल गेमर आहेस. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, हौसेपुरतं खेळणारी. माझी नऊशे बारावी पातळी चालू आहे दादा, आणि हौसेपुरतं! स्वतः मात्र कानाला ते अवजड हेडफोन लावून, दिसेल त्याला गोळ्या घालत, खोलीत नसलेल्या मित्रांवर ओरडत बसतो, तो म्हणे खरा गेमर. माझ्या बागेत आजवर एकही माणूस मेलेला नाही. असो. तो विषय वेगळा आहे आणि त्याचा राग मी वेगळा ठेवला आहे.

तर विहीणबाई. सेलिनबाईंना तू लग्नात पाहिलं आहेस, आपल्या एलिसाच्या आई, उमेळ्याच्या. (तू त्यांना दोनदा ‘जय श्रीकृष्ण’ म्हणालास आणि त्यांनी दोन्ही वेळा गोड हसून हात जोडले, त्या.) लग्न देवळातही झालं (चर्चला त्या देऊळच म्हणतात), हॉलमध्येही झालं, सगळं यथासांग पार पडलं, पण त्यानंतर आम्ही दोन विहिणी समोरासमोर बसलो की बोलायला विषयच नसायचा. त्यांची घरातली बोली मला निम्मी कळते, आणि माझं कचेरीतलं मराठी ऐकून त्या सावरून बसतात. जेवलात का, जेवलो. ऊन फार आहे, फार आहे. मग दोघी पंख्याकडे बघायचो. आमच्याकडे सत्यनारायण होता त्या दिवशी त्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि पदराआडून एक ओळखीचा आवाज आला, टुंग टुंग टुंग. तीन संत्री एकदम फुटली की तसा आवाज येतो. मी प्रसादाचं ताट खाली ठेवलं, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, ‘डावीकडचं अननस खाली घ्या.’ त्यांनी घेतलं. अर्धी बाग साफ झाली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं दादा, सख्ख्या बहिणीने पाहावं.

तेव्हापासून आमचं सुरू झालं. तुला कळावं म्हणून सांगते, या खेळात पाच लाइफ असतात. हरलात की एक जाते, सगळ्या गेल्या की नुसतं बसून राहायचं, नाहीतर कुणीतरी आपल्याला एक पाठवायची. सेलिनबाई रोज सकाळी मला एक पाठवायच्या. आलेली घेतली की खाली बटण येतं, ‘परतफेड करा’. आता परतफेड न करायला मी काय रस्त्यावर पडले आहे? मी लगेच पाठवायची. ती गेली की त्यांना ते बटण दिसायचं, की त्या पाठवायच्या. त्या पाठवतात म्हणून मी, मी पाठवते म्हणून त्या. कित्येकदा दोघींचे लाइफचे खण भरभरून वाहायचे आणि खेळायला मात्र दोघींनाही सवड नसायची. पण माझी सकाळ त्याशिवाय उजाडत नसे. त्याबरोबर डबा होताच. स्टीलचा, झाकणावर ‘सेलिन’ असं नाव कोरलेला. त्यातून त्यांचे फुगे यायचे (मैद्याचे, तळलेले, गोडसर, वहिनींना फार आवडले होते ते), आणि जाताना त्यातून माझ्या खोबऱ्याच्या वड्या जायच्या. भरला डबा आला तर रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या आईने आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. घरात काही नसलं तर ती चिमूटभर साखर घालून पाठवायची.

आणि एका बुधवारी, अचानक, काही नाही. लाइफ नाही. मी माझ्याकडून पाठवली. ती तशीच पडून. गुरुवारीही तेच. पहिल्यांदा मला काळजी वाटली. रविवारी संकेत आणि एलिसा विरारहून आले तेव्हा मी विचारलं, तुझ्या मम्मी बऱ्या आहेत ना? तर म्हणे, एकदम बऱ्या आहेत. आणि एवढं बोलून त्या मुलीने, माझ्या हातच्या कोंबडीवड्यांसाठी जीव टाकणाऱ्या त्या मुलीने, ताट पुढे आल्यावर ‘मला नको आई, मी वरणभात खाते’ म्हटलं. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. मायलेकींचं ठरलेलं आहे.

कारण मी शोधून काढलं. त्या बुधवारच्या आदल्याच दिवशी मी त्यांच्या पुढे गेले. त्या नऊशे दहावर, मी नऊशे अकरावर. बस. एका पातळीने माणूस एवढा बदलतो? हे म्हणाले, फोन करून विचार की सरळ. मी विचारू? मी? मुलाकडची बाजू आमची. मानपान आम्ही लग्नात मागितला नाही, रुखवत नको म्हटलं, विहिणीची पंगत नको म्हटलं, म्हणजे आता सकाळची एक साधी लाइफसुद्धा मागून घ्यायची? हे म्हणाले, मागायची नसेल तर मग बोलूही नको. ह्यांना या खेळातलं काही कळत नाही.

मग मी काय केलं ते ऐक, आणि बसून ऐक. त्यांचा डबा माझ्याकडे होता. तो मी घासला, पुसला, उन्हात वाळवला आणि रिकामा परत पाठवला. होय, रिकामा. झाकण लावण्यापूर्वी हात साखरेच्या बरणीकडे गेला होता, तो मी मागे घेतला. संकेतच्या हाती डबा दिला तेव्हा तो हलका लागला म्हणून त्याने हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. कळू दे म्हटलं त्यांनाही, वाट बघणं काय असतं.

तेव्हा दादा, तुझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. ईस्टरच्या दिवशी उमेळ्याला सगळ्यांना जेवायचं बोलावणं आहे आणि तुम्हा दोघांनाही ते येईल. तुम्ही यायचं नाही. आम्हीही जाणार नाही. घरातला वडीलधारा म्हणून तू तसं स्पष्ट कळवावंस. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. रागाच्या भरात काही कमीजास्त लिहिलं असेल तर ते तसंच समजावं.

तुझी धाकटी बहीण,
विनया

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते, तोच एलिसाचा फोन आला. म्हणाली, ‘आई, मम्मी कालपासून शेजारीपाजारी सांगत फिरतेय. म्हणते, विनयाताईंनी डबा रिकामा पाठवला बघा. आमच्या उपवासकाळात गोडधोड पाठवायचं नाही, हे त्यांना कुणी न सांगता कळलं. डबा उघडून रडायलाच लागली.’ दादा, त्यांचे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस चालू आहेत. तो बुधवार म्हणजे राखेचा बुधवार. तेव्हापासून मांसमच्छी बंद, आणि शिवाय प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात प्रिय असेल ते सोडायचं. सेलिनबाई दर वर्षी साखरेचा चहा सोडतात. यंदा चहा चालू ठेवला आणि फळबाग सोडली, म्हणाल्या, यंदा तीच सोडायला जड आहे. आणि हे असं सोडतात ते कुणासाठी तरी प्रार्थना म्हणून सोडतात. मी विचारलं, कुणासाठी? एलिसा म्हणाली, तुमच्या गुडघ्यासाठी. आता मला सांग, ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला नको? लग्नात इतके विधी समजावून सांगितले, अक्षता कधी टाकायच्या आणि गुडघे कधी टेकायचे ते सगळं, आणि नेमकं हे राहिलं. मला फार राग आला आहे. कुणाचा ते अजून ठरलं नाही. डोळ्यांचं पाणी मात्र थांबत नाही.

ता. क. २. वरचं पत्र फाडून दुसरं लिहिणार होते, पण एवढं लिहून मान धरली आहे. तेव्हा शेवटचा परिच्छेद उलटा वाचावा. तुम्ही दोघांनी ईस्टरला यायचं, म्हणजे यायचंच, आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला. येताना ओले काजूगर आण, चांगले डबाभर. तो डबा यापुढे रिकामा राहिलेला मला चालणार नाही. आणि जेवताना डब्याचा विषय निघाला, सेलिनबाई माझं कौतुक करू लागल्या, की तू फक्त मान डोलवायची. माझ्याकडे बघायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही. हे पत्र वाचून झालं की बंबात घाल.

ता. क. ३. मीही फळबाग आजपासून बंद केली आहे. फोन धान्याच्या कोठीत ठेवला आहे आणि कोठीवर हे बसले आहेत. पण मुख्य काम राहिलं. एलिसा सांगते, मम्मी ईस्टरच्या आदल्या रात्री देवळातून परत आली की सगळ्यात आधी फोनच हातात घेणार. मी गुडघ्याची गोळी घेतली की ढोल वाजवले तरी उठत नाही, आणि ह्यांच्यावर भरवसा नाही. तू रात्री पाणी प्यायला उठतोसच. त्या रात्री जरा लवकर ऊठ आणि मला हलवून जागं कर, मी कितीही ओरडले तरी. पहिली लाइफ माझ्याकडून गेली पाहिजे. या वेळी परतफेड त्यांनी करायची.