बॅनरच्या कोपऱ्यातलं लेबल

मंगळवार, १४ मार्च
भर दुपारी, दुकानातून

प्रिय बारक्या,

ताई खुशाल आहे, तुझी भाची घरी आली आहे आणि मशीन चालू आहे. एवढं वाचून पत्र ठेवून दिलंस तरी चालेल. पण तू ठेवणार नाहीस. तीन वर्षांनी ताईचं पत्र म्हटल्यावर तू ते उभ्यानेच वाचत असशील, चष्मा कपाळावर ढकलून.

बारक्या म्हणावं की नाही याचा बराच विचार केला. पोलिसात तीस वर्षं काढलेला माणूस, कमरेचा घेर बेचाळीस. पण दुसरं काही हाताला येईना, म्हणून तेच लिहिलं.

पत्र तुझ्या बायकोच्या कोटाच्या आतल्या खिशात घातलं आहे. कोटाची चेन बसवायला आली होती. हो, ती येते. तीन वर्षं येतेच आहे. तू आणि मी बोलत नाही म्हणून तिने चेन तुटकी ठेवायची की काय? तिच्यावर ओरडू नकोस. तुझ्या गुडघ्याचं, तुला बंदोबस्तातून काढून मुद्देमालाच्या खोलीत बसवल्याचं, निवृत्तीला दोन वर्षं उरल्याचं, सगळं तिच्याकडूनच कळतं. मी विचारत नाही. ती सांगते आणि मी ऐकत नसल्यासारखं दाखवत काजं करते.

हवा बरी आहे. समोरच्या चांभाराने दुकानाला निळा रंग दिला आहे, डोळ्यांना त्रास होतो. काम पुष्कळ आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात काय झालं ते तुझ्या बाजूने तुला ठाऊकच आहे. माझ्या बाजूने मी सांगते. कुणाचं नाव घेणार नाही, कुणी काय केलं तेही लिहिणार नाही. फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटांना लागलेलं लिहीन.

गेल्याच्या गेल्या शनिवारी तुझी भाची सहा मित्रमैत्रिणींना घेऊन दुकानात आली. चौकातल्या त्या काचेच्या इमारतीसमोर बुधवारी मोर्चा होता. त्या कंपनीत बाँबचे सुटे भाग बनतात, आणि ते जोडून झाले की कुणाच्या घरांवर पडतात ते रोज बातम्यांत दिसतं. पोरांनी तीस फूट पांढरं कापड आणि रंगाचे डबे आणले होते. मी म्हटलं, रंगाने लिहाल तर घडी घातल्यावर पोपडे निघतील. अक्षरं काळ्या कापडाची कापून वरून शिवली तर जन्मभर टिकतील. उचलली जीभ लावली टाळ्याला! झालं, सातही जण माझ्याकडे बघायला लागले. "काकू, मग तुम्हीच शिवा ना."

मला मोर्चा-बिर्चातलं काही कळत नाही. नाहीच म्हणणार होते. पण आदल्या दिवशी बातम्यांत एक पडलेलं घर दाखवलं होतं. भिंत नाही, छप्पर नाही, आणि मधोमध पायाचं शिलाई मशीन उभं. त्याच्या दाबपट्टीखाली कापड अजून तसंच होतं, निम्मं शिवलेलं. शिवणारी कुठे गेली ते बातमीत सांगितलं नाही. मला दिवसभर ते निम्मं कापडच दिसत होतं. म्हणून हो म्हटलं.

"नफा तुमचा, मढी कुणाची?" एवढंच लिहायचं होतं. प्रश्नचिन्हाच्या टिंबाला चहाच्या बशीचं माप घेतलं. तीन दिवस फावल्या वेळात शिवलं. कडा दुमडल्या, चारी कोपऱ्यांना दोरीसाठी भोकं करून ती पक्की केली. खरं सांगू? आईनंतर इतकं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं. पोरं घेऊन गेली तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते, लग्नाचा पोशाख दुकानातून निघाला की बघते तशी.

बुधवारी काय झालं ते सांगायला नकोच. आधी पाण्याचा फवारा, मग काठ्या. त्रेचाळीस जणांना गाड्यांत घातलं, त्यात तुझी भाची. मी ठाण्याच्या फाटकाशी चार तास उभी होते. फाटकावरचा शिपाई मला म्हणतो, "आजी, घरी जा, उद्या-परवा कोर्टात आणतील." आजी! माझी अजून साठी यायची आहे. तेवढ्या रागाने मला रडू आलं नाही, हे त्याचे उपकारच.

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं. नुसतं बसवेना, म्हणून एक पँट अरुंद करायला घेतली. दोरा बदलायला हात लावला आणि तिथेच थांबले. मशीनला पिवळा दोरा होता.

पिवळा दोरा आपल्या दुकानात कशाला लावतात ते मी तुला काय सांगणार? लहानपणी लेबलांचा रोल तूच कापायचास, एकेक सारखं, जीभ बाहेर काढून. दुकानाचं नाव, पत्ता, आणि आता फोन नंबरसुद्धा. काम संपलं की पिवळा दोरा, आणि आतल्या बाजूने डाव्या कोपऱ्यात लेबल. चाळीस वर्षांत एक शिवण चुकली असेल, लेबल चुकलेलं नाही. म्हणजे मी काय केलं होतं कळलं का? कडा दुमडून झाल्या, काम मनासारखं उतरलं, आणि हाताने आपलं आपण लेबल लावलं. मोर्चाच्या बॅनरला! दुकानाच्या पत्त्यासकट! जगात एवढं शहाणं माणूस मीच.

तोंडचं पाणी पळालं. पोरं चौकशीत तोंड उघडणार नाहीत याची खात्री होती. पण त्यांनी तोंड उघडायची गरजच नव्हती, मीच लिहून दिलं होतं. लेबलावरून दुकान, दुकानातून मापांची वही, वहीत बॅनरच्या मापाखाली सहाही पोरांचे फोन नंबर. बाकीच्यांबरोबर पकडली गेलेली माझी पोर मग नुसती पकडली गेलेली राहिली नसती, आधीपासून कट रचणारी ठरली असती. असल्या कलमात किती वर्षं जातात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. वहीतलं पान फाडलं. पण दुकान कुठे फाडणार? शटर अर्धं ओढून बसले. रस्त्यावर गाडी थांबली की वाकून शटरखालून बघायचे.

आणि बॅनर कुठे असणार हेही ठाऊक होतं. जप्त झालेलं सगळं ठाण्याच्या कुठल्या खोलीत जातं आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, ते तुझ्या बायकोने सांगितलेलं होतं. या गोष्टीकडे मी पुन्हा येते. आधी कोर्टाचं सांगते.

शुक्रवारी सकाळी त्रेचाळीस जणांना आणलं. भाचीचं कोपर निळं पडलं होतं, केसांत चिखल. मला बघून हसली, कार्टी. सरकारी वकील म्हणाले, हा नुसता जमाव नाही, आधीपासून आखलेला कट आहे, यांच्या मागे बॅनर शिवून देणारा कारखाना आहे, हे बघा. आणि बॅनर आणायला सांगितलं. दोन शिपायांनी तो उलगडला. तीस फूट कापड त्या एवढ्याशा खोलीत मावणार कसं? टेबलावरून, बाकांवरून पसरत पसरत त्याचा डावा कोपरा थेट माझ्या मांडीवर आला.

वकील म्हणाले, "शिवण बघा. हे धंदेवाईक माणसाचं काम आहे." असल्या वेळीसुद्धा मला बरं वाटलं, काय करू.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "मग कुणी शिवलं? काही खूण, पत्ता?"

तपास करणाऱ्या साहेबांनी चारी कोपरे उलटसुलट करायला लावले. माझ्या मांडीवरचा सगळ्यात शेवटी. शिपायाने तो उचलला, आतली बाजू बघितली, म्हणाला, "काही नाही, साहेब." आणि परत माझ्या मांडीवर टाकला.

काही नव्हतं, बारक्या. लेबल नव्हतं. मी बोट फिरवलं. घाईने ओढलं असतं तर कापड ताणलं गेलं असतं. चाकूने कापलं असतं तर ओरखडा राहिला असता. इथे दर तिसरा टाका कापून दोरा अलगद काढला होता आणि मग नखाने कापड आडवं-उभं घासलं होतं, सुईची भोकं मिटावीत म्हणून. असं उसवायला या शहरात एकाच बाईने शिकवलं आणि दोनच मुलांना. त्यातलं एक मी. आणि दुसऱ्याची खोड अशी की कोपऱ्यातला शेवटचा टाका तो विसरायचा. त्यासाठी त्याने आईच्या फूटपट्टीचा मार किती खाल्ला, गणती नाही.

टाका होता. पिवळा. मी नखाने उचलला आणि सवयीने तोंडात धरला, आपण धरतो तसा. तेवढ्यात शिपाई ओरडला, "ओ बाई, मुद्देमालाला हात लावू नका!" न्यायाधीश बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

दोरा जिभेखाली सारला आणि म्हटलं, "आई."

"कुणाची?"

"त्या चिखलवालीची."

लोक हसले. बाईसुद्धा थोड्या हसल्या असाव्यात. मग त्यांनी साहेबांना विचारलं, कटाचा आणखी काय पुरावा आहे? नव्हता. रस्ता अडवल्याचा साधा गुन्हा ठेवून सगळ्यांना दुपारी सोडलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! माझा जीव भांड्यात पडला. भाचीने येऊन हाताला धरलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, तुझ्या तोंडात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. आणि गिळून टाकला.

तिला काहीही सांगितलेलं नाही. कुणालाच सांगणार नाही. ज्याने कुणी ते केलं त्याची दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, नोकरी, सगळं त्या एवढ्याशा पट्टीपायी जाऊ शकलं असतं, हे मला कळतं. ती पट्टी अजून त्याच्याकडे असेल तर त्याने आज जाळावी. हे पत्रही.

आता राहिलेलं. तिथे यायला टाळते आहे हे माझं मलाच दिसतंय. हवा, चांभार, कोट सगळं लिहून झालं.

तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या मोर्चात तू भाचीच्या बाईंवर काठी उगारलीस आणि तो फोटो पेपरात आला. बाईंचा हात दोन ठिकाणी मोडला. तू म्हणालास, हुकूम होता. मी म्हणाले, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. त्यातलं काठीबद्दल जे बोलले ते आजही तसंच आहे. एक लेबल उसवलं म्हणून बाईंचा हात सरळ झालेला नाही, आणि बुधवारीही काठ्या चालल्याच. तू त्या रांगेत नव्हतास ते गुडघ्यामुळे की मनामुळे, मला माहीत नाही. मनामुळे असावं असं फार वाटतं.

पण मी सांगणार आहे ते वेगळंच आहे. गुरुवारी तो पिवळा दोरा दिसला तेव्हा पहिला विचार काय आला माहीत आहे? बारक्या आहे तिथे, तो वाचवेल, असा नाही आला. आला तो असा की मेले, बारक्या आहे तिथे. दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागेल, हा लेबल एका नजरेत ओळखेल आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवेल. माझी पोर आणि मी, दोघी गेलो ते भावाच्या हातून. दीड दिवस मी या खुर्चीत बसून तुला शिव्या दिल्या. तू न केलेल्या गोष्टीबद्दल. बोलू नये ते बोलले, एकटीच, मोठ्याने. चांभाराने येऊन विचारलं, कुणाशी भांडताय?

आणि तू तेव्हा, मला वाटतं त्याच सुमाराला, खुर्चीवर बसून तिसरा टाका कापत असशील.

मला माफ कर. हे तोंडाने म्हणणं जमलं नसतं, म्हणून तर चार पानं लिहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आई माझ्याबद्दल म्हणायची, तुला आठवत असेल. जळला रे पीळ. शुक्रवारी दुपारी जळला.

तुझी बायको सांगते, तुझे कपडे कुठल्यातरी दुकानात आल्टर होतात आणि खांदे नीट बसत नाहीत. रविवारी सकाळी मापाला ये. भाची घरी असेल. ती तुझ्याशी बोलेल की नाही याचा भरवसा देत नाही, तिचे प्रश्न अवघड असतात आणि उत्तरं तुलाच द्यावी लागतील. पण खुर्ची काढून ठेवीन.

आणि आधीच सांगते. गणवेश शिवणार नाही. साधा शर्ट शिवीन, माणसाचा.

तुला ओळखायला चुकलेली,
ताई