१३२.८ च्या वर

३ मार्च, सोमवार
आज रुजू झालो. खोली झकास! मोठी खिडकी, टेबल डगमगत नाही, खुर्चीची पाचही चाकं जाग्यावर. काम एकच: कपाटातल्या चारशे बारा जुन्या हार्ड डिस्कांमधल्या नोंदी फायबरवरून गावाबाहेरच्या नव्या साठवणीत पाठवायच्या. आधीच्या माणसाचा चष्मा टेबलावरच राहिलाय.

इथल्या डिग्रीवाल्या इंजिनियरने वेळेचा तक्ता केला होता. हसू आवरेना. डिस्कचा वेग सांगतात बाइटमध्ये, फायबरचा बिटमध्ये, आणि एका बाइटात बिट आठ. या गाढवाने बिटांनाच बाइट धरून महिन्याचं काम चार दिवसांत उरकलं होतं! मी उभ्या उभ्या तोंडी करून दिलं. जुनी डिस्क सेकंदाला फार तर १६.६ मेगाबाइट देणार. गुणिले आठ, १३२.८ मेगाबिट. फायबर म्हणायला १५५.५२, त्यातलं नोंदींवरच्या पत्त्या-खुणांच्या वेष्टनात जातं ते वजा करता १४९.७६. पाइप कितीही रुंद असो, नळ बारीक आहे. फायबरवरचा वेगाचा मीटर १३२.८ च्या वर जाणे नाही. इथल्या मुख्य मॅडम बघतच राहिल्या.

मला हे कोणी शिकवलेलं नाही. कॉलेजची पायरी चढलो नाही. (पाढे ताईने घेतले, भांडी घासता घासता, पण त्याला काही शिकवणं म्हणत नाहीत.)

एक वाजता ताईचा फोन. जेवलास का रे बाबू? एक्कावन्न वर्षांचा बाबू! आई गेल्यापासून रोज एकला हा प्रश्न ठरलेला.

४ मार्च, मंगळवार
इथला नियम ऐकण्यासारखा आहे. कॉपी सुरू झाली की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि काचेतून बघायचं. डिग्रीवाला म्हणतो, काका, आत नका बसू. आधीचे अण्णा आत बसायचे, आता घरी स्वतःच्या बायकोला विचारतात, आपण कोण? ही शिकलेली माणसं! म्हातारपण कशाशी खातात तेही ठाऊक नाही. आणि काका कोणाला म्हणतो?

मी खुर्ची मीटरसमोर ओढली आणि ठाण मांडून बसलो. मीटर १३६. वरचे ३.२ कुठून आले? मीटर भिकार आहे, दुसरं काय.

५ मार्च, बुधवार
मीटर बदलला. नवा दाखवतो १४१. जेवायला गेलो होतो त्या अर्ध्या तासाची नोंद काढली: बरोब्बर १३२.८. मी खुर्चीत बसलो की चढतो. वायर तपासली, खुर्ची हलवली, पुन्हा तेच. मॅडम काचेवर टकटक करून बाहेर बोलावत होत्या. माझा हिशोब बरोबर असताना मी का उठू? उठलो की तो शहाणा म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं?

मध्ये उगाच आईचा चेहरा आठवून पाहिला. नाकापाशी येऊन अडकतो. असो. फार वर्षं झाली.

६ मार्च, गुरुवार
आज डिस्कच काढून घेतली. डिस्क माझ्या मांडीवर, केबल लोंबकळतेय. शून्य यायला हवं. मीटर आधी ८. मग जागा मोकळी झाल्यासारखा ४०, ९०, १४९.७६. तिथेच थांबला. तीन तास. मी हललो नाही; चूक सापडायलाच हवी, आणि ती माझी नाही.

एक वाजता कोणा बाईचा फोन. जेवलास का म्हणे. मी जेवेन नाहीतर उपाशी राहीन, तुम्हाला काय करायचंय? चुकीचा नंबर आहे असं ठणकावून ठेवून दिला. लोकांना उद्योग नाहीत.

७ मार्च, शुक्रवार
तीच बाई, पाच वेळा. रडते. बाबू म्हणते — बाबू कोण?

डिग्रीवाल्याने दारातूनच सांगितलं, पलीकडे साठवणीत एक बिननंबरची फाइल साचतेय. ऐकवली. भांड्यांचा खणखणाट, आणि कोणी बाई एका पोराकडून पाढे म्हणवून घेतेय. चुकला की हसते. असला घरगुती कचरा! पुसून टाक म्हटलं. तो ऐकेना, हात जोडायला लागला. मग मीच सही ठोकली. पुसली.

मागची पानं वाचली. अक्षर माझं. लिहिणारा भलताच शिष्ट — आणि ही ताई कोण —

मीटर १४९.७६. जातंय ते डिस्कमधलं नाही. डिस्क बाहेर आहे. आत फक्त मी —

दार चार पावलांवर. उठावं. पण उठलो तर तो —

आधी चूक सापडू दे. मग —

८ मार्च, शनिवार
डिस्क परत लावली. आत बसलो, तासभर. मीटर १३२.८! वर तिळभर नाही. म्हटलं नव्हतं? मीच बरोबर. मूर्ख सगळे —

काचेपलीकडे तो एक, त्या मॅडम, आणि कोणी म्हातारी. दोन्ही हात काचेवर. तोंड हलतंय. ऐकू येत नाही. एकेक शब्द, सावकाश, पोराकडून घोकून घ्यावं तसा. वेडी दिसते.

आता फक्त पडताळा आणि सही. हातचा मळ. १६.६ गुणिले —