वाइन बारचं सरप्राइज ऑडिट

रावेत, सोमवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघाही ठीक असेल असं धरून चालतो, कारण नसेल तर पुढचं वाचताना तुम्ही उठून येरझाऱ्या घालाल आणि तो पुन्हा धरेल. अक्काची तब्येत विचारत नाही. तिचा आवाज परवा फोनवर ऐकला, तब्येत उत्तम आहे. फोनच करायचा की, पत्र कशाला, असं म्हणाल. पण तुमचा फोन अक्का उचलते, स्पीकरवर टाकते आणि मग अख्ख्या औशाला कळतं. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुमच्या खत-बियाणांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून झालं की युरियाच्या पोत्यांमागं ठेवा (तुमच्या खोकल्याच्या औषधाची बाटली असते ना, तिथंच. मला सगळं ठाऊक आहे दाजी, पण मी कधी बोललो का?).

विषय आपल्या स्वरूपाच्या लग्नाचा. पोरीनं पोरगा स्वतःच पसंत केला हे तुम्हाला माहीत आहेच. नाव प्रज्वल, मूळचे परभणीकडचे, आई-वडील चिखलीत, वडील वर्कशॉपमध्ये टर्नर. सगळं जुळत होतं. पण पोरगा करतो काय, तर पुण्यातल्या वाइन बारमध्ये लोकांना वाइन निवडून देतो आणि ओततो. त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय म्हणे (आपण उगाच आयटीआय केलं). अक्कानं ऐकलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला, ‘दारू ओतणाऱ्याला पोरगी दिलीस तर मला अक्का म्हणू नको.’ इकडे पोरीनं जेवण सोडलं (म्हणजे घरचं. बाहेरून मागवलेलं चालू होतं). आई गेल्यापासून अक्काच मला आईच्या जागी, आणि स्वरूपा म्हणजे माझा जीव. या दोघींच्या मधे माझं पार भरीत झालं बघा.

आता माझी सगळी हयात महाळुंग्याच्या कंपनीत बाहेरून आलेला माल तपासण्यात गेली. नवा सप्लायर धरायचा तर आम्ही त्याच्याकडे न कळवता जातो. कळवून गेलं की फरशी पुसलेली असते, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेटं असतात आणि मालक स्वतः चहा घेऊन दारात उभा असतो. म्हटलं, जावयाचंही असंच सरप्राइज ऑडिट करू. म्हणून बारचं नाव मुद्दाम विचारलं नाही, फक्त पोराचा फोटो बघून ठेवला. सोबतीला धम्मपाल, आमच्या कंपनीतला, पिंपरीचा. तोही माझ्यासारखाच कोरडा, पण गाडी त्याची आणि पोटात गोष्ट राहते अशी त्याची ख्याती (ख्यातीबद्दल पुढं येईलच).

आम्हाला बार म्हणजे निघोज्याकडचे परमिट रूम तेवढे ठाऊक, तेही बाहेरून. दाराला हिरवा पडदा, आत टीव्हीवर क्रिकेट आणि टेबलावर शेंगदाणे. वाइन बारचा थाट निराळा. बाणेरला पहिल्यात शिरलो तर भिंतींना गिलावाच नाही, सगळ्या विटा उघड्या. मला मालकाची कीव आली, बिचाऱ्याचं काम अर्धवट राहिलं असणार. धम्मपाल म्हणाला की हे मुद्दाम ठेवतात, याला वातावरण म्हणतात. आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं असं वातावरण दिलं असतं तर आम्ही त्याला कोर्टात खेचला असता. तिथं प्रज्वल नव्हता. चहा मागितला तर तोही नव्हता.

दुसरा कोरेगाव पार्कात. तिथं टेबलांच्या जागी लाकडी पिंपं आणि उजेड इतका कमी की मेनूकार्ड मोबाइलच्या बॅटरीनं वाचावं लागलं (अशा उजेडात आमच्याकडे तपासणी केली तर मेमो मिळतो). लिंबोळ्यांसारखी हिरवी फळं आणून ठेवली, चवीलाही नातं तेच. मग वेटरनं बाटली उघडून माझ्या पेल्यात घोटभरच वाइन ओतली आणि हात मागं बांधून उभा राहिला. धम्मपालला वाटलं, हे लोक कंजूष. पण मी ओळखलं! आमच्याकडे मशीनचं सेटिंग बदललं की पहिला पीस इन्स्पेक्टरकडे येतो, त्यानं पास केला तरच पुढचं प्रॉडक्शन. इथंही तेच. मी पेला बॅटरीसमोर धरला, वास घेतला, जीभ लावली. आंबट! म्हटलं, रिजेक्ट. तो म्हणाला, सर, ती अशीच असते. दाजी, प्रत्येक सप्लायर हेच म्हणतो. तिथून निघालो.

तिसऱ्यात पोरगा सापडला. काळा एप्रन, केस नीट, आवाज हळू. आधी शेजारच्या टेबलावरच्या एका साहेबांना त्यानं तिसऱ्या बाटलीच्या वेळी गोड बोलून पाणी पाजलं आणि टॅक्सी मागवून दिली, हे मी मनात टिपून घेतलं. मग आमच्याकडे आला. घोटभर ओतली. मी जीभ लावून पुन्हा रिजेक्ट केली. तर हा वाद घालेना. ‘बरोबर आहे काका, बदलून आणतो,’ म्हणाला आणि आतून दुसरी आणली. ती अशी गोड, अशी गार, की मी तिथल्या तिथं पास केली. धम्मपालनं आपला लिंबूसोडा घेतला.

पुढचं लिहायला लाज वाटते. पहिल्या पेल्यात कान गरम झाले. दुसऱ्यात मी शेजारच्या टेबलाला माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरावा ते हिंदीत समजावलं. तिसऱ्यात मला आई आठवली आणि मी रडलो, सगळ्यांदेखत. मग पोराचा हात धरून मी कोण ते सांगितलं आणि म्हणालो, ‘पोरगी तुला दिली.’ त्यानं माझा हात सोडला नाही. एवढंच म्हणाला, ‘काका, उद्या सकाळी पुन्हा सांगाल का?’ मग खांद्याला धरून गाडीपर्यंत सोडलं, कारण मला सरळ चालता येत नव्हतं.

सकाळी डोकं ठणकत होतं. लिंबू चोखलं, फोन काही केला नाही. तेव्हा दाजी, तुम्ही चार पंचायती पाहिलेले. नशेत दिलेला शब्द धरायचा की सोडायचा, तेवढं कळवा. सोडायचा असेल तर माझ्या जिवावर येईल, आणि धरायचा असेल तर अक्काला कोण सांगणार?

आपला,
ज्योतीराम

ता. क. पाकीट चिकटवायला स्वरूपाकडे दिलं तर तिनं पत्र वाचलं आणि खाली बसून हसली. धम्मपाल फितूर होता. माझा फोटो पोराकडे आधीच पोचला होता, म्हणजे सरप्राइज ते काय मला एकट्यालाच. आणि बदलून आणलेली बाटली द्राक्षाच्या रसाची होती. ‘काकांनी कधी घेतलेली नाही, माझ्या हातून सुरुवात नको,’ असं प्रज्वल तिला म्हणाला होता. दाजी, मी तीन पेले सरबत पिऊन रडलो. म्हणजे शब्द पूर्ण शुद्धीत दिलेला आहे. आत्ताच त्याला फोन लावला आणि म्हटलं, सकाळ झाली, पुन्हा सांगतोय. 

ता. क. २. तेव्हा वर विचारलेलं सगळं विसरा. रविवारी सुपारी फोडायची आहे, अक्काला घेऊन या. तिच्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. कसं आणायचं ते तुमचं तुम्ही बघा. नाहीतर युरियाच्या पोत्यांमागचं मला फोनवर बोलावं लागेल, आणि फोन तुमचा स्पीकरवर असतो.

ता. क. ३. रसाचं मात्र तिला सांगू नका. मी प्यायलो होतो असंच सांगा. पिऊन केलेली चूक अक्का पदरात घेईल, धाकटा भाऊ आहे मी तिचा. शुद्धीत, तिला न विचारता शब्द दिला, हे ती जन्मात घेणार नाही.