बाबांच्या पोटातली नळी

गुरुवार, रात्र

बाबांना मुंबईला दाखवून संध्याकाळी रत्नागिरीत परतले. अंग आंबून गेलंय. त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, ती फुटू नये म्हणून सहा महिन्यांपूर्वी पोट न फाडता जांघेतून तिच्या आत नळी बसवली. आज तपासणीत नळीच्या कडेने थोडं रक्त फुगलेल्या भागात झिरपताना दिसलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. थोडं म्हणजे किती? विचारायचं राहूनच गेलं.

रिक्षातून उतरताना बाबा म्हणाले, "आईला काय सांगू नको हां."

आईने दारातच विचारलं. "सगळं ठीक," बाबा म्हणाले. मी मान हलवली. थोडंच तर झिरपतंय. खोटं बोलले का मी?

जेवायला वाढताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या खेपेला मीच जाईन त्यांच्याबरोबर."