मामांच्या गाडीची उचकी

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यावर अडते, पण कागदावर पूर्ण घातला आहे.) इकडे सगळे खुशाल. तुमचे गुडघे आणि तुमचा हट्ट, दोन्ही कसे आहेत ते कळवावे. मामी गेल्यापासून तुम्ही फोनवर 'बरं आहे' आणि 'ठेवतो' यांच्या मध्ये काही बोलत नाही, आणि आमच्याकडे या म्हटलं की ऐकूच येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

तर मामा, तुमची मोटरसायकल चालू झाली. भंगारवालाही हिला फुकट नेणार नाही, असं तुम्ही ती माझ्या गळ्यात मारताना म्हणाला होतात. ते शब्द आता सावकाश गिळावेत. गल्लीत माझी मान सध्या इतकी ताठ आहे की डॉक्टरला दाखवायची का, असं तुमची भाचेसून विचारते.

हे काम कानसेनांचं. जुन्या गाड्यांचा असा मेकॅनिक दुसरा नाही (हे त्यांनीच सांगितलं, आणि दर भेटीत सांगतात). स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. त्या वेळी गॅरेजात शिंकायचीही चोरी. मी एकदा खोकलो तर त्यांनी मला खोकल्यासकट बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी इंजिन पुरतं उलगडलं, कार्बोरेटर धुऊन लख्ख केला, ठिणगीची वेळ जुळवली, आणि गाडी पहिल्या किकला अशी सुरू झाली की टाकीवर ठेवलेल्या त्यांच्या चहाच्या कपात तरंगही उठला नाही. बघ्यांनी माना डोलावल्या. माझं तोंड मात्र उतरलं.

कारण ती तुमची गाडी नव्हतीच. तुमची गाडी वळणावर यायची ती दोन ठोके, मग एक उचकी, पुन्हा दोन ठोके अशी, आणि फाटकाशी थांबताना सायलेन्सरमधून 'फट्'. सुट्टीत तुमच्याकडे राहून मला ते पाठ झालं होतं. उचकी ऐकली की मामी आधण ठेवायची, 'फट्' झालं की केस सारखे करून दार उघडायची. आणि आता ही गाडी परक्या पाहुण्यासारखी गुळगुळीत बोलणारी. मी कानसेनांना म्हटलं, आमच्या मामांचा आवाज परत द्या. ते म्हणाले, "अहो, तो आवाज नव्हता, दुखणं होतं." मी म्हटलं, असेल, पण आमच्या घरातलं होतं.

बरी केलेली गाडी पुन्हा आजारी पाडणं त्यांच्या ब्रीदात बसत नव्हतं. समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं, तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या. ही मात्रा लागू पडली. मग त्यांनी पेच केसभर फिरवायचा आणि मी बाकावरून "उचकी लांबली", "फट् फार मोठं झालं" असं सांगायचं, हा कार्यक्रम दिवसभर चालला. संध्याकाळी ते जुळलं, मामा. अगदी तसंच. माझे डोळे भरून आले, ते धुरानं असं मी सांगितलं. कानसेन म्हणाले, त्यांचेही धुरानंच. बिघडलेल्या गाड्या गावात पुष्कळ आहेत, पण एवढ्या मोठ्या मेकॅनिकच्या हातानं बिघडवलेली एकच, आणि ती आपली.

लोभ आहेच, तो गाडीवरही असू द्यावा.

आपला भाचा

ता. क. कानसेनांचा निरोप आहे की या अवस्थेत गाडी गावाबाहेर काढायची नाही. तेव्हा तुम्हाला आणायला ती येणार नाही. स्टँडपासून घरापर्यंत मात्र तिच्यावरूनच नेईन.

आणखी एक. वर सगळी फुशारकी लिहिली, पण गाडी घरी आणली तेव्हा फाटकाशी 'फट्' झालं आणि दार कुणी उघडलं नाही. भाचेसुनेला वाटलं, कुणाचा तरी टायर फुटला. तो आवाज ओळखणारे आता आपण दोघंच उरलो आहोत, मामा, आणि मला तो एकट्याला ऐकवत नाही.

शेवटचं. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. सामानासकट या, परतीचं तिकीट काढू नका.