बाबांची खुर्ची

प्रिय दादा,

रागावला असशील. रागव. मीही काही कमी भडकलेली नाही.

काल सगळ्या साइटसमोर तू माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलंस आणि म्हणालास, घरी जाऊन भांडी घास. का, तर मी उद्या टाकायच्या स्लॅबच्या फळ्यांखाली उभी राहून ‘पडेल’ म्हणाले. हा शब्द तुझ्या साइटवर तोंडातून काढायचा नाही, ठाऊक आहे मला. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! पण अरे, टेकू सुट्या विटांवर उभे केले होते. मी पायाने एक वीट ढकलली, तर टेकू डुगडुगला. फळ्या-टेकू लावणाऱ्या सेंटरिंगच्या मिस्त्रीला विचारलं, तर तो मान खाली घालून खिशात बिडी शोधत राहिला. तुला नाही म्हणायची कोणाची टाप आहे? जो म्हणतो तो दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. सख्ख्या बहिणीलाही तू सोडलं नाहीस.

वर काँक्रीट पडायला लागलं की बाबा त्याच स्लॅबखाली खुर्ची टाकून चहा पीत बसायचे, वरच्या माणसांना धीर यावा म्हणून. लहानपणी आपण दोघं किती कौतुकाने बघायचो! आता तू बसतोस. तीच लोखंडी खुर्ची, तसाच पायावर पाय. पण बसायच्या आधी बाबा एकेक टेकू स्वतः हलवून बघायचे, गुडघे मातीत माखायचे त्यांचे. तू नेमकं बसणं तेवढं उचललंस. आणि तुझ्याकडे बघून ती माणसं बिनधास्त वर चढतात रे. चीड येते मला त्याची.

उद्या सकाळी काँक्रीटचा मिक्सर यायच्या आधी पालिकेचा तपासनीस फाटकात उभा असेल. काम थांबेल. मग चुगली कोणी केली म्हणून तू आकाशपाताळ एक करशील आणि त्या मिस्त्रीच्या पोटावर पाय आणशील. ओळखून आहे मी तुला. म्हणून हे पत्र. तक्रार मी केली आहे, माझ्या नावाने. खुर्चीही कालच निघताना मी उचलून आणली, शोधू नकोस. जन्मभर माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, दादा. पण त्यासाठी तू जिवंत तर राहा.

तुझीच,
भांडकुदळ