तू पाठवलेलं डुक्कर

आदरणीय मानोंग तेओफिलो,

थोरल्या भावाचा हात कपाळाला लावल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नये, म्हणून तुझा उजवा हात मनातल्या मनात कपाळाला लावून घेतला आहे. (तो बर्फासारखा गार असणार हे धरून चालले आहे.) बर्गनला पाऊस थांबला का रे? तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? हॉस्पिटलातली ती खडूस हेडनर्स अजून तुलाच रात्रपाळी लावते का? आमचं इकडे छान चाललं आहे. बेनहूरच्या खांद्यात लचक भरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच. आपल्या आईची, नानायची तब्येत ठणठणीत. इतकी ठणठणीत, की एखाद दिवशी आम्हीच आडवे होऊ.

तर तुझा फोन आला, की आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला रजा मिळत नाही, पण आख्खं भाजलेलं डुक्कर पाठवतोय, कालिबोच्या त्या चांगल्या भट्टीवाल्याकडून. झालं! नानायने अबोला धरला. तुझ्याशी नाही, आमच्याशी! अकरा वर्षं तोंड दाखवत नाहीस तू, आणि तिचं फुगलेलं तोंड बघायचं आम्ही. बाहेरगावी राहणाऱ्या मुलाचं हे एक बरं असतं, तो कायम गुणीच. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, की वाढदिवसाला मी व्हाइट बीचवर, वाळूत बसून, माझ्या माणसांबरोबर जेवणार, नाहीतर जेवणारच नाही. आता तुला कुठे ठाऊक असणार, पण किनाऱ्याची सफाई झाल्यापासून वाळूवर मेज नाही, पंगत नाही, बाटली नाही. काही तोंडात घातलंस की पहारेकऱ्याची शिट्टी. मी समजावून सांगायला गेले, तर माझ्याच अंगावर आली, "याच वाळूवरच्या झोपडीत तुम्हां दोघांना जन्माला घातलं, तेव्हा कुठे गेली होती यांची शिट्टी?" मी भात चढवला.

मग माझ्या नवऱ्याला कल्पना सुचली. (बेनहूरला कल्पना सुचली की मी घरातल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवते.) त्याचं म्हणणं असं, की बंदी वाळूवर आहे, समुद्रावर कुठे आहे? आपली पराव किनाऱ्याला लागून उभी करू, शीड अर्धं उतरवू, हात लांब केला तर वाळू लागेल इतक्या जवळ, आणि जेवू. ऐकायला काय वाईट होतं, सांग? मार्च महिना, समुद्र ताटासारखा सपाट. नानाय हसली. तू फोन केल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मीसुद्धा मान डोलावली. माझी चूक झाली ती तिथेच.

पराव कशी असते ते तू विसरला नसशील. मधे होडी, दोन बाजूंना बांबूचे पंख, आणि बसायला जाळी. एका जाळीवर आम्ही डुक्कर ठेवलं, केळीच्या पानांवर, त्याच्या भाजायच्या बांबूसकट, तोंडात सफरचंद. दुसऱ्या जाळीवर नानायच्या पाच मैत्रिणी. वजन अगदी बरोबर झालं होतं, मी कुणाला काही म्हणत नाही. पण डुकराची कातडी कुरकुरीत झाली आहे की नाही यावर त्यांच्यात वाद लागला, आणि खात्री करून घ्यायला पाचहीजणी एकदम उठून डुकराच्या बाजूला आल्या. त्याच क्षणी वारा आला. मानोंग, ती होडी अशी काही कलली, की मी सगळ्या संतांची नावं घेतली, जे संत नाहीत त्यांचीसुद्धा. मैत्रिणींनी एकमेकींना धरलं. नानायने शिडाची दोरी धरली. डुकराला कुणी धरलं नाही.

बेनहूरने मागोमाग उडी घेतली (खांदा तिथे गेला), पण डुक्कर बांबूला बांधलेलं, ते कसलं बुडतंय? मजेत तरंगत निघालं. मावळतीची वेळ, सगळा किनारा पाहुण्यांनी भरलेला, सगळे कॅमेरे समुद्राकडे. लाटेने त्याला उचललं आणि पांढऱ्याशुभ्र वाळूवर नेऊन अलगद ठेवलं, सफरचंदासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका नव्या जोडप्याने त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून फोटो काढून घेतला. आणि शिट्टी वाजली.

किनाऱ्याचा पहारेकरी कोण, तर जुनरेल, आपल्या नानायचाच बाप्तिस्म्याचा धर्मपुत्र! वही घेऊन डुकराभोवती फेऱ्या मारत होता आणि ओरडून विचारत होता, हे कुणाचं आहे? बेनहूर पाण्यातूनच म्हणाला, शीड चढवा, पळा. पाच मैत्रिणी आकाशाकडे बघायला लागल्या. मी, खरं सांगते, मीही आकाशाकडेच बघितलं. नानाय मात्र चपला हातात घेऊन उतरली आणि गुडघाभर पाण्यातून ताठ मानेने चालत गेली. जुनरेलने आधी तिचा हात कपाळाला लावला, मग वही उघडली. दोघं बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते आम्हाला होडीवर ऐकू आलं नाही.

शेवटी डुक्कर खांद्यावर घेऊन सगळे घरी आलो, विहिरीवर धुतलं, आणि अंगणात बसून खाल्लं. जरा खारट लागत होतं. दाताखाली इतकी वाळू येत होती, की हे वाळूत बसून जेवल्यासारखंच झालं, असं म्हणून नानाय दोनदा भात वाढून घेऊन जेवली. जुनरेलही टोपी काढून आला आणि कान खाऊन गेला. एकंदरीत वाढदिवस छान झाला. तू तुझं काम सांभाळ, काळजी करू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
एस्त्रेलिता

ता. क. बेनहूरसाठी खांद्याला लावायचं ते तुमच्याकडचं मलम पाठव. लोकरीचे मोजे पाठवू नकोस. इथे ते कुत्रासुद्धा घालत नाही.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. जुनरेलने डुकराच्या मालकाचं नाव विचारलं, तेव्हा नानायने तुझं सांगितलं. "माझ्या थोरल्याने स्वतःच्या बदल्यात हे पाठवलंय, मग मालक तोच." त्यामुळे दंडाची पावती तुझ्या नावावर फाडली आहे, आणि मालकाने पालिकेत जातीने हजर राहायचं आहे. फोनवर चालत नाही, मी विचारून आले.

ता. क. ३. नानाय झोपली आहे, म्हणून खरं लिहिते. जुनरेल ती पावती तिथेच फाडून टाकायला तयार होता. नानायने त्याच्या हातून ओढून घेतली आणि बाळ येशूच्या, आपल्या सांतो निन्योच्या मूर्तीखाली ठेवली. रोज सकाळी फुलं वाहताना ती आहे ना, बघते. मीही उचलून बघितली. हजर राहायच्या तारखेची जागा कोरी आहे. तू कळवशील ती तारीख घालीन, असं जुनरेल म्हणतो. कळव रे, मानोंग.